झोपाळ्याची फळी आणि थिकनेस प्लेनर: कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

मामांचा तासगावकडचा वाडा उतरवला, त्यातल्या सागाच्या दोन तुळया आज टेम्पोने सांगलीत आल्या. आठ बाय आठ इंच, लांबी साडेसहा फुटांच्या आसपास. एकेक तुळई पन्नास किलोची तरी असेल, उतरवताना चौघे लागले. वरून धूर, चुना आणि जुन्या ऑइलपेंटचे थर, पण टोकाला करवतीने एक चकती काढली तर आत सोन्यासारखा माल. यातून झोपाळ्याची फळी करायची: साडेपाच फूट लांब, बावीस इंचाच्या आसपास रुंद, जाडी ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच. एवढी रुंदी एका लाकडात मिळणार नाही, तेव्हा तीन फळ्यांचा जोड.

पहिलं काम खिळे. मिस्त्रींनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून तुळईवरून हळूहळू ओढत नेलं. जिथे दोरी तिरकी होते तिथे खडूची फुली. साग लोखंडाला लागून काळा पडतो, त्यामुळे काळा डाग दिसला की तिथेही फुली. मोडक्या टोकाचे खिळे पटाशीने कोरून पकडीने उपसले. बहुतेक लोहाराने घडवलेले, चौकोनी. वखारवाला खिळ्याची तुळई बँडसॉवर घेतच नाही आणि त्याचं बरोबर आहे.

९ फेब्रुवारी

वखारीत तुळया चिरून आणल्या. प्रत्येकीच्या दोन-दोन इंची तीन फळ्या आणि उरलेली एक पातळ पट्टी. पट्टा बाहेर येता येताच एका फळीने धनुष्यासारखी कमान धरली. शंभर वर्षं एका जागी दाबून बसलेलं लाकूड, मधून चिरलं की आतला ताण मोकळा होणारच. शिवाय तुळई वरून खडखडीत वाळलेली असली तरी गाभ्यात ओल जास्त राहते. म्हणून लगेच रंधायचं नाही. सोप्यात एक इंची पट्ट्या मध्ये घालून थप्पी लावली, पट्ट्या बरोबर एकाखाली एक. वर जात्याची जुनी तळी ठेवली.

१६ फेब्रुवारी

आज मशीनचं ठरवलं. महिनाभर डोक्यात घोळत होतं, ते लिहून मोकळा होतो.

मिस्त्रींच्या शेडमध्ये बिडाचं मोठं रंधा मशीन आहे, थ्री फेज, जागचं हलत नाही. काम त्यावर एका दुपारी झालं असतं. पण लग्नसराईत त्यांच्याकडे पलंग आणि कपाटांची रांग असते, आणि माझी अडचण वेगळी होती. जुना साग एका दमात शेवटच्या जाडीला आणायचा नसतो. अर्धा माल काढायचा, आठवडाभर थप्पीत ठेवायचा, तो काय वाकतो बघायचं, मग उरलेलं काढायचं. दर वेळी सहा फळ्या टेम्पोत घालून शेडवर न्यायच्या म्हणजे टेम्पोवाल्याचीच चांदी. मशीन घरातच हवं.

हातातला ८२ मिलिमीटरचा इलेक्ट्रिक रंधा प्रत्येक सुताराकडे असतो, माझ्याकडेही आहे. दार घासायला उत्तम. पण आठ इंची फळीवर शेजारी शेजारी पट्टे मारले की मध्ये पायऱ्या राहतात, आणि जाडी सगळीकडे एकच आहे याची हमी कोण देणार?

मग उरतो पोर्टेबल थिकनेस प्लेनर. खाली सपाट टेबल, वर फिरणारा पात्यांचा रूळ, त्याच्या अलीकडे-पलीकडे फळी ओढणारे दोन रबरी रोलर. हँडल फिरवलं की वरचा भाग खाली येतो. दोन मशीनं नजरेसमोर होती. एक माकिटाचं २०१२एनबी: रुंदी ३०४ मिलिमीटर, १६५० वॉट, दोन पाती, वजन सुमारे २८ किलो. दुसरं अमेरिकेत ज्याचा बोलबाला आहे ते डीवॉल्टचं डीडब्ल्यू७३५: तेरा इंच, तीन पाती, फळी ओढण्याचे दोन वेग, वजन ४२ किलोच्या घरात.

दुसऱ्याची सफाई जास्त, यात वाद नाही, आणि ते आकडेमोडीनेच कळतं. तिथे पात्यांचा रूळ मिनिटाला दहा हजार फेरे घेतो, तीन पाती म्हणजे तीस हजार काप. हळू वेगात फळी मिनिटाला १४ फूट सरकते, म्हणजे दर इंचाला १७९ काप. माकिटाचा रूळ ८५०० फेरे, दोन पाती, फळी मिनिटाला साडेआठ मीटर. म्हणजे दर अर्ध्या मिलिमीटरला एक काप, इंचाला पन्नास-एक. तिरक्या उजेडात त्याच्या बारीक लाटा दिसतात. पण झोपाळ्याच्या फळीवर मी शेवटी स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायची पोलादी पट्टी, आणि पॉलिश पेपर मारणारच आहे. त्या लाटा तिथे पुसल्या जातात.

भाऊ डेट्रॉइटहून पाठवतो म्हणाला होता. तिकडचं मशीन १२० व्होल्टचं, १५ अँपिअर ओढणारं. इथे चालवायचं तर दोन-तीन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, तो स्वतःच एक धोंडा. आणि पाती बोथट झाली की पुन्हा तिकडून मागवा. मशीन घेताना मी आधी पाती आणि कार्बन ब्रश कुठे मिळतात ते विचारतो, रंग-रूप नंतर.

शेवटचा मुद्दा सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातलाच माणूस काढेल. आयर्विन पुलाखाली कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा आमच्या सोप्यात काय राहिलं होतं ते सांगण्यासारखं नाही. पोर्टेबल शब्दाचा अर्थ कंपनीच्या लेखी साइटवर न्यायला सोपं असा असेल. माझ्या लेखी मी आणि पुतण्या मिळून जे रात्री दोन वाजता जिन्याने माळ्यावर नेऊ शकतो ते पोर्टेबल. २८ किलो जातं. ४२ किलो त्या अरुंद जिन्यात अडकतं.

माकिटा ठरलं.

१ मार्च

मशीन कोल्हापूरहून आणलं. मजबूत स्टुलाला चार बोल्टने पक्कं केलं, कारण सहा फुटी फळी टोकाला लोंबली की हलकं मशीन उताणं होऊ बघतं.

सॉकेट १६ अँपिअरचं, वायर अडीच चौरस मिलिमीटरची. १६५० वॉट म्हणजे सव्वासात अँपिअर, आकडा फार नाही, पण मोटर सुरू होताना झटका मोठा घेते. पातळ, लांब एक्स्टेंशन लावली तर व्होल्टेज पडतं, मोटर कण्हते आणि गरम होते. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर तसंही व्होल्टेज रडकंच असतं, तेव्हा काम सकाळी.

दोन्ही बाजूंची पंख्यासारखी उघडणारी टेबलं सरळ पट्टी लावून पाहिली. बाहेरची टोकं मुख्य टेबलापेक्षा केसभर वर ठेवली, त्याचं कारण पुढे येईल. टेबलावर मेणबत्तीचं मेण घासून कापडाने चकाकवलं. फळी न अडता सरकते. सिलिकॉनचा स्प्रे दुकानदार गळ्यात मारत होता, तो घेतला नाही. तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. मशीनची पट्टी किती दाखवते आणि जाडी मोजायचा व्हर्नियर किती दाखवतो ते खोक्याच्या पाइनच्या फळीवर ताडून काटा जुळवला.

आवाजाबद्दल सांगायचं तर, ही ब्रशची मोटर, मिक्सरच्या जातीची. कानाला मफ लावल्याशिवाय सुरूच करायचं नाही. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलंय, दुपारी एक ते चार बंद.

८ मार्च

आजचा दिवस खरा कामाचा. मिस्त्री सकाळीच आले. मी फळी उचलून मशीनकडे निघालो तर त्यांनी हात आडवा केला.

“मालक, थांबा की. ह्ये मशीन खालची बाजू बघतंय आन् वरची कापतंय. खाली खोटं आसलं की वर बी खोटंच येणार.”

थिकनेस प्लेनरबद्दल एवढं एक वाक्य कळलं तरी पुरे. मशीन जाडी सारखी करतं, फळी सरळ करत नाही. कमान आलेली फळी आत घातली की रोलर तिला दाबून सपाट करतात, पाती वरून सारखा थर काढतात, आणि बाहेर येताच फळी पुन्हा आपल्या कमानीवर जाते. जाडी चोख, फळी वाकडीच. म्हणून आधी एक बाजू सपाट करावी लागते. मोठ्या कारखान्यात त्यासाठी वेगळं सरफेस मशीन असतं. घरी त्याला उतारा म्हणजे पाटा.

पाटा म्हणजे १८ मिलिमीटर प्लायची अकरा इंच रुंद, फळीहून थोडी लांब पट्टी. त्यावर फळी ठेवायची, पन्हळ पडलेली बाजू खाली. मग दोन्ही टोकांना अॅल्युमिनियमच्या सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने बघायचं. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एकमेकींना समांतर दिसल्या नाहीत की पीळ आहे. आमच्या पहिल्या फळीला चांगला सहा मिलिमीटरचा पीळ होता. एक कोपरा टेकवून समोरचा सहा उचलला तर तिकडचं लाकूड फार जातं. म्हणून तो वाटून घेतला, दोन विरुद्ध कोपऱ्यांखाली तीन-तीन. पाचर म्हणून सनमायकाचे तुकडे. एक मिलिमीटरचा तुकडा हातात असतोच, तीन ठेवले की झालं. मध्ये जिथे फळी पाट्यापासून सुटली होती तिथेही तुकडे सरकवले, नाहीतर रोलरच्या दाबाने ती मध्येच बसते आणि सगळं गणित फुकट. तुकडे आणि फळी ग्लू गनच्या ठिपक्यांनी पाट्याला चिकटवली.

फळीवर पेन्सिलने आडव्या-तिडव्या रेघोट्या मारल्या आणि पाट्यासकट आत घातली. पहिल्या फेरीत पाती फक्त दोन उंच कोपऱ्यांना लागली. आवाज तुटक येतो, टर्र आणि मध्येच मोकळं. फेरीगणिक रेघोट्या कोपऱ्यांकडून मधल्या भागाकडे पुसत जातात, आवाज सलग होत जातो. शेवटची रेघ गेली की बाजू सपाट. फळी पाट्यावरून पटाशीने सोडवून टेबलावर उलटी टेकवली तर कागदही आत जाईना.

मग पाटा बाजूला, सपाट बाजू खाली, आणि वरची बाजू साधी रंधली. आठ इंची सागाला एका फेरीत एक मिलिमीटरच्या आत ठेवलं. अरुंद पट्टीला मशीन तीन मिलिमीटरही घेतं, पण रुंदी वाढली की खोली कमी करायची हा नियम आहे. अर्ध्या मिलिमीटरला मोटरचा सूर बदलत नाही, दीडला ती लगेच घोगरी होते. कानाला मफ असला तरी हाताला कंप कळतोच.

सहाही फळ्या ४३ मिलिमीटरवर आणून पुन्हा थप्पीत.

९ मार्च

भुशाची व्यवस्था. सात-आठ मिलिमीटर थर गेला, सहा फळ्या, म्हणजे भरीव लाकूड सतरा-अठरा लिटर. पण भुगा झाला की ते पाचपट फुगतं. दोन गोण्या दाबून भरल्या. मशीनला भुसा ओढणारी नळी लावली नाही तर ढलप्या फळीवर पडतात, रोलर त्या लाकडात दाबतो आणि बारीक खड्डे उठतात. साधा व्हॅक्यूम क्लीनर दोन मिनिटांत तुंबतो. मध्ये झाकणाचं पिंप ठेवून आधी ढलप्या त्यात पाडल्या की निभतं. एन९५ मास्क कायम. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकली आहे, तंबाखूच्या रांगेत. बिडी ओढत रंधणारे लोक हे ऐकून हसतात.

आईने दोन्ही गोण्या बंबासाठी राखून ठेवल्या. ढलप्या भसकन पेटतात आणि तितक्याच भसकन विझतात, त्यामुळे खाली एक जाड लाकूड लागतंच.

१५ मार्च

आठवड्यात एका फळीने पुन्हा किंचित पन्हळ घेतली, बाकीच्या जागच्या जागी. ओल मोजायचा काटा सगळीकडे ११-१२ टक्के. ती एक फळी पुन्हा पाट्यावरून काढली. आजपासून दोन्ही बाजूंनी सारखा माल काढायचा, एका बाजूने एक फेरी, मग उलटी करून दुसरी. एकाच बाजूने काढत गेलं की नवी उघडी पडलेली बाजू वेगळ्या गतीने सुकते आणि फळी पुन्हा वाकते.

टोकाचा खड्डा आज नीट दिसला. फळीच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत पाती बाकीपेक्षा कणभर खोल जाते. नखाने पायरी लागते. कारण सरळ आहे. फळी आत शिरताना एकाच रोलरखाली असते, तिचं मागचं टोक लोंबतं, पुढचं वर उचललं जाऊन पात्यात घुसतं. बाहेर पडताना याच्या उलट. म्हणून ती बाहेरची टेबलं केसभर वर होती, आणि म्हणूनच आत जाताना मागचं टोक हाताने किंचित उचलून धरायचं, पलीकडे पुतण्याने पुढचं टोक तसंच झेलायचं. एवढ्याने खड्डा बराच मेला, पूर्ण नाही. तिन्ही फळ्या एकीला एक टोक लावून आगगाडीसारख्या सोडल्या तर मधल्यांना खड्डा पडतच नाही. पहिलीचं तोंड आणि शेवटचीची शेपूट तेवढी मार खाते. साडेपाच फुटांच्या फळीसाठी साडेसहा फूट लाकूड ठेवलं ते यासाठीच.

१६ मार्च

गाठ. मधल्या फळीला रुपयाएवढी गाठ आहे आणि तिच्याभोवती रेषा वळून उलट्या होतात. तिथे पाती रेषा कापत नाही, उपटते. मांजराला उलट्या अंगाने कुरवाळल्यासारखं. प्रत्येक फळीच्या कडेवर रेषा चढती कुठे आहे ते बघून बाण काढले, त्या दिशेनेच फळी आत. गाठीपाशी मात्र एक बाजू नेहमी उलटीच पडणार. तिथे शेवटच्या फेऱ्या पाव मिलिमीटरच्या घेतल्या आणि फळीवर ओलं फडकं फिरवून लगेच सोडली. ओल्या रेषा थोड्या नरम होऊन तुटण्याऐवजी कापल्या जातात. तरी दोन-तीन टवके निघालेच. ते स्क्रेपरने जातील.

झोपाळ्याच्या तिन्ही फळ्या आज शेवटच्या ३८ मिलिमीटरला आणल्या, तिन्ही एकाच सेटिंगला, हँडलला मध्ये हात न लावता. हे मुद्दाम. मशीन बारा इंची. दोन फळ्यांचा जोड पंधरा इंच होतो, तो मशीनमध्ये जात नाही. म्हणजे जोडल्यावर जाडी दुरुस्त करायची सोयच नाही. व्हर्नियरने तिन्हींच्या मध्ये आणि टोकांना मोजलं: फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागात.

२३ मार्च

मिरजेचे एक सतारमेकर ओळखीतून आले होते. तुणाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या हव्या होत्या, दोन मिलिमीटरच्या. मशीनची किमान जाडी तीन, त्याखाली पाती टेबलाला भिडेल. पण पाटा इथेही कामाला येतो: पट्टी दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पाट्यावर बसवली की मशीनला ती वीस मिलिमीटरची वाटते. चार पट्ट्या काढून दिल्या. त्यांनी एक वितभर तुकडाही आणला होता, तो घातला नाही. फूटभरापेक्षा आखूड तुकडा एका रोलरमधून सुटतो आणि दुसऱ्यात पोचत नाही. मधल्या मध्ये पात्याखाली उडतो. तो त्यांनी बसल्या बसल्या हातरंध्याने माझ्यापेक्षा साफ करून दाखवला.

२९ मार्च

कडा आणि जोड. कडेसाठी हे मशीन नाही. आठ इंची फळी कडेवर उभी करून घातली तर रोलर तिला कलंडवतो. मिस्त्रींनी शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटून पकडीत आवळल्या आणि लांब रंध्याने दोन्ही कडा एकदमच रंधल्या. रंधा जरा कलला तरी एक कड जेवढी बाहेर तेवढीच दुसरी आत, उघडून लावल्या की कोन एकमेकांना मारतात आणि फळी सपाट राहते. उजेडाला धरलं, फट नाही.

पाण्याला टिकणारा फेविकॉल, पाच शिकंजे, एक खालून एक वरून आलटून पालटून. सांध्यांवर दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या आवळल्या, म्हणजे फळ्या वर-खाली सरकत नाहीत. जास्तीचा गोंद अर्धवट सुकल्यावर पटाशीने उचलला. ओला पुसला तर रेषांत भरतो आणि तेल लावल्यावर पांढरे डाग दिसतात.

५ एप्रिल

सांध्यांवर नखाला जेमतेम लागेल एवढा फरक होता, तो स्क्रेपरने गेला. प्लेनरच्या लाटाही त्यातच. मग १२०, १८०, २४० चा पेपर. टोकं कापून साडेपाच फूट. कड्यांसाठी चार भोकं, कडेपासून तीन इंच आत, खाली फळीच्या रुंदीभर जाणाऱ्या सागाच्या दोन आडव्या पट्ट्या. त्यांची मधली भोकं गोल आणि टोकांची लांबट ठेवली, पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते तेव्हा तिला हलायला जागा हवी. स्क्रू आवळून जखडली तर ती चिरेल.

पहिला तेलाचा हात दिला. गाठीभोवतीचा भाग इतका गडद होईल असं वाटलं नव्हतं.

१२ एप्रिल

तेलाचे उरलेले हात वाळले, झोपाळा सोप्यात चढला. भाचरं शाळेला सुट्टी लागायच्या आतच हजर.

मशीनची पाती तपासली. सागात सिलिका असते, ती पोलादी पात्याची धार मऊ लाकडापेक्षा कितीतरी लवकर खाते. शेवटच्या फेऱ्यांत ढलप्यांऐवजी पीठ पडायला लागलं होतं आणि रोलर फळी ओढताना घसरत होता, ही धार गेल्याची खूण. ही पाती दोन्ही कडांना धारेची असतात, म्हणून प्लग काढून, चामडी हातमोजे घालून दोन्ही उलटवली. दोन्ही एकदमच, एक नवी आणि एक जुनी ठेवली तर नवीच सगळं काम करते. रोलरवरचा राळेचा थर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला, तेव्हा घसरणंही थांबलं.

उरलेल्या तीन फळ्या ४३ वरच थप्पीत आहेत. त्यातल्या कमान धरणाऱ्या फळीचे दोन आखूड तुकडे केले. लांबी निम्मी झाली की कमान पाव उरते आणि रंधताना माल वाचतो. त्याचे पाट होतील. बाकी दोन फळ्यांचं काय करायचं ते पावसाळ्यानंतर, तोवर त्यांना आणखी वाकायचं असेल तर वाकून घेऊ देत.